मेंदीतलं कोरं बोट

मित्रांनो, मी अबुधाबीच्या एका इस्पितळातला जुना चिमटा आहे. कपड्यांचा नव्हे हं, बोटाला लावायचा! माझ्या पोटात लाल दिवा आहे. त्याचा उजेड बोटातून आरपार गेला, की रक्तात प्राणवायू किती आणि नाडी किती, ते मी पडद्यावर दाखवतो. मुसफ्फाच्या कारखान्यांतल्या कामगारांची राकट बोटं मी ओळखली, तान्ह्यांची इवलीशी बोटंही ओळखली. सगळे माझं कौतुक करायचे. मग एकदा माझी वायर ड्रॉवरमध्ये चेमटली, तिला चिकटपट्टी लागली आणि मला मागच्या खणात टाकलं गेलं. फार वाईट वाटलं.

एका सकाळी सगळे नवे चिमटे कामात होते, म्हणून माझी आठवण झाली. अपूर्वाला कळा सुरू झाल्या होत्या. लहानपणीच्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झालेली. वेदनेने नाडी धावत राहिली, तर फुप्फुसांत पाणी साठण्याची भीती. म्हणून पाठीत बधिर करणारं औषध द्यायचं होतं. पण ते एकदम दिलं तर रक्तदाब कोसळला असता. थोडं द्यायचं, पडद्याकडे बघायचं, मग पुन्हा थोडं.

बिलकीस सिस्टरने मला अपूर्वाच्या बोटाला लावलं आणि माझ्यापुढे अंधार झाला. आदल्या दिवशी तिचं नवव्या महिन्यातलं डोहाळजेवण झालं होतं. नणंदेने, आभाताईने, हौसेने इथली काळी खलीजी मेंदी काढवून घेतली होती; दहाही बोटांची टोकं काळीकुट्ट. मी जीव तोडून बघत होतो, पण पडद्यावर कधी ऐंशी, कधी नुसत्या रेघा.

"मॅडम, ये तो खलास हो गया. फेक दूँ?" बिलकीस म्हणाली.

"रुको." भूल देणाऱ्या डॉक्टर सुलक्षणांचा हात सिरिंजवर थांबला. आकडा खरा असला तर औषध देणं धोक्याचं, खोटा असला तर थांबणं धोक्याचं. "अपूर्वा, दम लागतोय?"

"थोडा. मॅडम, बाळ ओके आहे ना?"

सुलक्षणांनी तिच्या पायांवरची चादर सारली. "पायांवर नाही काढली मेंदी?"

"पाय सुजले होते ना. आभाताई म्हणाल्या, राहू दे."

मला पायाच्या अंगठ्याला लावलं. अंगठा गार होता. आधी काहीच दिसेना. मग अंधूक ठोका लागला. पंच्याण्णव!

औषधाची पहिली मात्रा पाठीत गेली, मग दुसरी. एकाएकी प्राणवायू घसरू लागला आणि मी आकांत मांडला. सुलक्षणांनी औषध तिथेच थांबवलं. तोंडावर मास्क आला, रक्तदाब सावरायला इंजेक्शन गेलं. मला वाटलं, आपल्या हातून ही मुलगी जाते की काय. पण आकडा सावकाश वर चढला. औषध भिनलं तसा अंगठा कोमट झाला, धावणारी नाडी शांत झाली. दुपारी अपूर्वाला मुलगी झाली.

बिलकीसने मला हळुवार पुसलं, वायर नीट गुंडाळली. सुलक्षणांनी तान्हीचा हात अपूर्वाच्या काळ्या बोटांत दिला.

"बारशाला पण मेंदी काढेन हं, मॅडम," अपूर्वा म्हणाली.

"जरूर काढ."

मित्रांनो, तुम्हीही काढा. मला जपून ठेवा, वायर चेमटू देऊ नका. आणि दवाखान्यात जायचे दिवस जवळ आले असतील, तर तेवढं एक बोट माझ्यासाठी कोरं ठेवा.