रिकामा चौकोन

विस्तार अधिकाऱ्यांनी भिंतीवरच्या तक्त्यातल्या एका चौकोनावर पेन टेकवलं. "गुरुजी, ही सारजा दोन वर्षं भागाकारातच अडकलीय?"

कुंडलिक गुरुजी हो म्हणाले. निमगाव केतकीजवळच्या या वस्तीवरच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक इयत्तेच्या क्षमता ठरवून दिल्या होत्या. मुलाला एखादी आली की तिच्या चौकोनात खूण करायची. सगळ्या खुणा झाल्या की पुढची इयत्ता. सारजाची पुढची इयत्ता निमगावात होती, आणि तिचा बाप बिरदेव दोन वर्षांपूर्वीच सांगून मोकळा झाला होता, "चौथी झाली की बास, गुरुजी. पोरगी एकटी तितवर धाडायची न्हाय."

गुरुजी दोनदा त्याच्या दारात बसून, चहा पिऊन परत आले. मग त्यांनी भागाकाराचा चौकोन रिकामा ठेवला. तो रिकामा होता तोवर सारजा शाळेत होती. शाळेच्या पेटीतली गोष्टींची पुस्तकं तिने वाचून संपवली. पहिलीच्या पोरांचे पाढेही तीच घ्यायची. चौकोन रिकामा का, हे गुरुजींनी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिलाही नाही.

साहेबांनी तिला फळ्यापाशी बोलावलं. सातशे अडुसष्ट भागिले चोवीस. गुरुजी तिच्याकडे बघत राहिले, पण तिने मान वळवली नाही. दोन वर्षं पोरं तिला 'जुनी चौथी' म्हणून चिडवत होती. तिने बत्तीस लिहिले, खाली गुणून ताळा करून दाखवला आणि खडू जागेवर ठेवला.

"येतंय की हिला," साहेब म्हणाले आणि त्यांनी स्वतःच खूण केली.

मधल्या सुट्टीत ती टेबलापाशी आली. "गुरुजी, मला मागल्या साली बी येत हुतं. तुमी इचारलंच न्हाय."

"ठाऊक होतं मला," गुरुजी म्हणाले. ती पहिलीच्या पोरांकडे गेली.

एक मे रोजी निकाल लागला. बिरदेव दाखला न्यायला आला, तो खुशीत होता. गूळ-शेंगदाणे आणले होते, ते त्याने सगळ्या पोरांना वाटले, गुरुजींच्याही हातावर ठेवले. सारजाने आपलं बसायचं पोतं उचललं, दारात झटकलं, चौघडी करून काखेत मारलं आणि ती बापामागून चालू लागली.

ओळीत तिच्या पोत्याखालची तेवढीच फरशी स्वच्छ राहिली होती. बाकी सगळीकडे धूळ होती.