सोनेरी दातांना बोट लावू नकोस

मोडेमचं कार्ड जानेवारीपासून आमच्या घरात होतं. चंदेरी पिशवीत, सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, मूर्तीमागे. माझ्या बायकोने, मिन्यांगने, ते तिथं ठेवलं, कारण घरात तेवढ्या एकाच जागी मी तेलकट हात घालत नसे.

मी आयुष्यभर बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक होतो. मिन्यांग शाळेत क्लार्क. शाळेत नवे कॉम्प्युटर आले तेव्हा जुन्यातला एक ती घरी घेऊन आली. मग शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा, तिथं जाऊन ती शिकली. कार्ड कसं बसवायचं, तार कुठं लावायची, पडद्यावरचं कुठलं चित्र दाबायचं, सगळं तिनं एका वहीत लिहून घेतलं. आधीच्या पानावर आमटीची कृती होती, पुढच्या पानावर मोडेम.

"तेयो, आज बसवतोस का?" ती रोज जेवण झाल्यावर विचारायची.

"उद्या," मी म्हणायचो.

आमच्या गल्लीत फोनच्या एका तारेवर दोन घरं असायची. आमच्या तारेवर शेजारची पुरीता, वयाने मोठी म्हणून सगळ्यांची मानांग, म्हणजे ताई. ती बोलत असली की आम्ही थांबायचो, आम्ही बोलत असलो की तिनं थांबायचं. पण मानांग थांबायची नाही. ऐकायची. बारीक टक् असा आवाज यायचा, आणि मग तारेत तिसरं कुणीतरी श्वास घेत असायचं. आमची मुलगी लोरेली जेद्दाला नर्स आहे. ती तिथून आईला म्हणायची, "नानाय, मानांगना माझाही नमस्कार सांग." आणि तारेतून आवाज यायचा, "देव भलं करो, बाळा."

नोव्हेंबरात मिन्यांगच्या पोटातल्या दुखण्याचं नाव कळलं. ते फोनवर सांगायचं नाही असं तिनं ठरवलं. पुरीताने ऐकलं तर संध्याकाळपर्यंत चर्चमध्ये, सकाळपर्यंत मासळीबाजारात. म्हणून तिनं ते कार्ड आणलं. कॉम्प्युटरवरून लिहिलेलं पुरीताला ऐकू येत नाही, असं ती हसून म्हणायची. कार्ड येईपर्यंत फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणायचं ठरलं. कार्ड आलं तरी आम्ही तेच म्हणत राहिलो.

एप्रिलच्या शेवटी ती गेली. लोरेलीला सुट्टी मिळाली नाही. तिला तर आजारच माहीत नव्हता.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात लोरेलीचं पत्र आलं. "ताताय, फोन करू नका. फोनवर तुम्ही सगळं ठीक आहे म्हणता. मोडेम आणल्याचं नानायने मला सांगितलं होतं. चाळिसाव्या दिवशी दुपारी बारा ते एक मी इथल्या कॉम्प्युटरसमोर बसेन. तिकडे पाच ते सहा असतील. पडद्यावर नानायचं नाव उमटलं तर मी बोलेन. नाही उमटलं तर समजेन, तुम्हाला मला खरं सांगायचंच नाही. मग आणखी तीन वर्षांच्या कागदावर सही करून मी इथंच राहीन."

शहरात पैसे भरून कॉम्प्युटरवर बसायची सोय होती. पण कार्ड बसवायचं काम माझ्याकडे राहिलेलं होतं. दुसऱ्या कुठल्या खुर्चीत बसून ते पुरं झालं नसतं.

चाळिसाव्या दिवशी आत्मा घर सोडून जातो, असं आमच्याकडे मानतात. त्या दिवशी सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाली, दुपारी प्रार्थना आणि जेवण. मिन्यांगसाठी भरलेलं ताट खिडकीशी ठेवलं. त्यात इबोस, पानात गुंडाळून उकडलेला चिकट भात, आणि चिमूटभर साखर, तिला आवडायची तशी. दोन वाजेपर्यंत सगळे गेले. मानांग पुरीता सगळ्यात शेवटी गेली, उरलेला भात केळीच्या पानात बांधून घेऊन.

मी वही उघडली.

तिचं अक्षर गोल. वाचताना ती मागे उभी राहून बोलतेय असं वाटत होतं, आणि मी मागे वळून पाहिलं नाही.

"आधी भिंतीतला प्लग काढ. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, तू तसं करशील म्हणून सांगते. प्लग काढल्यावर कॉम्प्युटरचं बटण एकदा दाब, आत उरलेली वीज निघून जाईल."

मी प्लग काढला. बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या मागच्या पंख्याचं पातं अर्धवट फिरून थांबलं.

"टेरिकॉटचा शर्ट घालून बसू नकोस. अंगात वीज साठते. तुला कळणार नाही पण कार्ड मरेल."

माझ्या अंगावर काळा टेरिकॉटचाच शर्ट होता. वर्ष होईपर्यंत काळं उतरवायचं नसतं आमच्याकडे. मी वहीतली ओळ पुन्हा वाचली. मग शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर घातला. बनियनवर बसलो. वारा लागला. चाळीस दिवसांत पहिल्यांदा अंगाला वारा लागतोय असं वाटलं.

"हात धू आणि पूस. मग पेटीच्या लोखंडाला हात लाव. मधेमधे लावत राहा."

लोखंड गार होतं. कारखान्यात बर्फाच्या साच्याला मी असाच हात लावायचो, गोठलं का बघायला. दुपारच्या त्या उजेडात घर कारखान्यासारखं वाटायला लागलं होतं, पांढरं, धूसर. मिन्यांग दारात डबा घेऊन उभी आहे आणि बर्फाचा धूर तिच्या पायांपर्यंत आलाय, असं जुनं काहीतरी डोळ्यांपुढे आलं आणि गेलं.

"कार्ड कडेला धर. सोनेरी दातांना बोट लावू नकोस. कितीही स्वच्छ वाटलं तरी तुझ्या बोटांना ग्रीस असतंच."

पेटीचं झाकण काढलं, चंदेरी पिशवी उघडली. हिरवी पट्टी, खाली सोनेरी दातांची रांग. रिकामी खाच शोधली, मागची पत्र्याची पट्टी काढली, आणि कार्ड दोन्ही अंगठ्यांनी सारखं दाबलं. आधी ते अडलं. मग सुटलेला सांधा जागेवर बसतो तसं बसलं. इंजिनात काही नीट बसलं की हाताला कळतं, तसंच कळलं. दहा मिनिटं लागली असतील. पाच महिने मी ती दहा मिनिटं पुढे ढकलत होतो.

"स्क्रू लाव, झाकण लाव. टेलिफोनची तार सगळ्यात शेवटी. झाकण उघडं असताना लावू नकोस, कुणाची घंटी आली तर झटका बसतो." आणि खाली, दुहेरी रेघ मारून: "ढग गडगडले तर काहीही करत असलास तरी तार ओढून काढ. वीज तारेतून घरात येते."

चार वाजता सगळं तयार झालं. वहीतल्या पुढच्या पायऱ्या मी एकेका बोटाने केल्या. डिस्क घातली. वहीत इंटरनेटच्या तासांचं वेगळं कार्ड खोचलेलं होतं, त्यावरचा नंबर खरवडून तो टाइप केला. पाचला पाच मिनिटं असताना वहीत सांगितलेलं चित्र दाबलं.

आधी फोनचा नेहमीचा आवाज आला. मग भराभर नंबर. मग पलीकडून कुणीतरी शीळ घातली. मग दोन यंत्रं एकमेकांवर घसा खरवडायला लागली, कॉम्प्रेसर सुरू होताना करतो तसं, आणि त्यामागे समुद्रासारखं काहीतरी पसरलं.

टक्.

सगळं थांबलं. पडद्यावर लिहून आलं की जोडणी तुटली.

पुन्हा केलं. शीळ, घसा, समुद्र. टक्. सव्वापाच. तिसऱ्यांदा केलं. टक्. मी रिसीव्हर उचलला तर तारेत श्वास ऐकू आला.

मी चप्पल न घालताच कुंपणापलीकडे गेलो.

मानांग पुरीता फोनसमोर गुडघे टेकून बसली होती. फोनशेजारी मेणबत्ती लावलेली. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरलेला. मला बघून तिनं बोट ओठांवर ठेवलं.

"गप्प. मिन्यांग तारेत आहे."

"मानांग, रिसीव्हर ठेवा."

"आज चाळिसावा. आज तिनं जायचं ना? निरोप घ्यायला आलीय रे. आधी शीळ घातली, मग गळा भरून आला तिचा, मग रडली. मी विचारलं, काय हवं बाई तुला? तर गप्प झाली. तीनदा आली. तीनदा मी विचारलं." मग तिची नजर माझ्या बनियनवर गेली. "आणि रडेल नाहीतर काय करेल? चाळीस दिवसांत काळं उतरवलंस. कोण आहे ती, मला तरी सांग."

आमच्या भागात माणसं शिवी दिली तरी गाणं म्हटल्यासारखी देतात. ती रडत होती, टोमणा मारत होती, आणि ऐकायला सगळं एकाच सुरात होतं.

"मिन्यांगनंच उतरवायला सांगितलं," मी म्हणालो. "वहीत लिहून ठेवलंय."

मानांगने छातीवर क्रूस केला.

तिच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच होत आले होते. ते मोडेम आहे, यंत्र आहे, असं मी सांगू शकलो असतो. तिला समजावण्यात सहा वाजले असते. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही नक्की सांगता आलं नसतं की तारेत कोण आहे.

"मानांग, तुम्ही रिसीव्हर धरून बसलात तर ती जाणार कशी? तिला लोरेलीकडे पोचायचंय. वाट एकच आहे, आणि ती तुमच्या हातात आहे."

तिनं रिसीव्हरकडे पाहिलं. "मी अडवलंय तिला?"

"सहा वाजेपर्यंत पोचायला हवं."

तिनं तो हळूच ठेवला. मी वळलो तेव्हा ती मागून म्हणाली, "लोरेलीला सांग, मी कुणाला बोलले नाही."

"काय बोलला नाहीत?"

"नोव्हेंबरात डॉक्टरचा फोन आला होता ना. सगळा ऐकला मी. पण चर्चमध्ये नाही, बाजारात नाही, सख्ख्या बहिणीला नाही. माझं तोंड कसं आहे ते गावाला माहीत आहे. किती जड गेलं असेल बघ."

मी दारातच उभा राहिलो. "मिन्यांगला ठाऊक होतं?"

"तिलाच तर ठाऊक होतं. लेंटच्या उपासांपासून दुपारी चार वाजता फोन उचलायची, नंबर लावायचीच नाही. मीही उचलायचे. तू झोपलेला असायचास. तासभर बोलायचो. दुखतं कुठं, भीती कसली वाटते, सगळं सांगायची. अजून चार वाजले की माझा हात आपोआप जातो."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"म्हणायची, तेयो कार्ड बसवत नाही. ते बसवलं की खरं लिहावं लागेल, आणि लिहिलं की ते खरं होईल, असं त्याला वाटतं. मी दिवसातून एकदा विचारते, जास्त टोचत नाही त्याला." मानांगने डोळे पुसले. "जा आता. तिला उशीर होतोय."

पावणेसहाला शीळ पुन्हा वाजली. घसा, समुद्र. मी त्या टक् आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही. समुद्र एकदम शांत झाला आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा दिवा लागला. वहीत लिहिलेलं चित्र दाबलं. मिन्यांगचं नाव उमटलं. त्याखाली लोरेलीचं होतं.

"ताताय?"

मी एका बोटाने लिहायला लागलो. अक्षर शोधायला वेळ लागत होता.

"हो मी. कार्ड जानेवारीपासून घरात होतं. मी बसवलं नाही. मला भीती वाटली. नोव्हेंबरापासून तिला माहीत होतं. मलाही. फार दुखायचं तिला. सगळं ठीक नव्हतं."

पडदा बराच वेळ पांढरा राहिला. खिडकीशी मिन्यांगचं ताट होतं, इबोसवरची साखर विरघळली होती. मला वाटलं तुटलं.

मग अक्षरं आली. "शेवटी जवळ कोण होतं?"

"मी. हात धरला होता. आणि त्याआधी मानांग पुरीता, तारेतून. ते तुला सांगतो, मोठं आहे."

"सांगा."

मी "दुपारी चार" एवढं लिहिलं आणि समोरच्या गिमारास बेटाच्या बाजूला ढग गडगडले. लांब होतं. सहाला सात मिनिटं होती. माझा हात तारेकडे गेला आणि मागे आला. वही उघडीच होती, दुहेरी रेघ समोर दिसत होती. पाच महिने मी तिचं ऐकलं नव्हतं.

"लोरेली, गडगडतंय. तुझ्या आईने लिहिलंय तार काढ. पण तू सही करणार असशील तर मी काढणार नाही."

उत्तर लगेच आलं. "काढा, ताताय. सही करत नाही. उद्या याच वेळी बसते मी. बाकीचं उद्या."

मी तार ओढून काढली. माझ्या बोटात तिचं टोक धरलेलं होतं आणि पुन्हा गडगडलं, या वेळी जवळ. घर थरथरलं. कार्ड आत सुरक्षित होतं.

कुंपणापलीकडून मानांगचा आवाज आला. "पोचली का रे?"

"पोचली," मी म्हणालो. "उद्या पाच वाजता फोन उचलू नका, मानांग."

"नाही उचलणार." मग ती कुंपणाशी आली. "चारला उचलू ना?"

मी खुर्चीवरचा काळा शर्ट घेतला, अंगात घातला, बटणं लावली.

"उचला," मी म्हणालो. "मी जागा असेन."