दहा वजा

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे, आणि या जगातली प्रत्येक इमारत माझ्या आधारावर उभी आहे. निदान एक तरी. म्हणजे इमारत नव्हे, तिच्यातली एक खोली. खोलीतली फरशी.

तीस मीटरची कापडी पट्टी, चामड्याचा गोल डबा आणि टोकाला पितळी कडी, असा माझा थाट होता. इमारतीला विटा किती लागतील, रंग किती लागेल, हे आधीच मोजून सांगणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं. घरात सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणते. वहिनी भिंत मोजत, तिच्यातून दारं-खिडक्या वजा करत आणि तूटफुटीसाठी शंभराला पाच वर धरत. "दाराच्या भोकाला रंग लागत नाही," असं त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. माझं कौतुक तर विचारू नका.

मग एका बांधकामावरच्या कुत्र्याने माझं तोंड खाल्लं. कडीसकट सात-आठ सेंटिमीटर गेले. वहिनींनी मला टाकलं नाही. दहाच्या खुणेपासून मोजायचं आणि उत्तरातून दहा वजा करायचे, अशी रीत पडली. त्यांचा नवरा आकडा जसाच्या तसा ओरडून सांगे आणि वहिनी लिहिताना दहा वजा करत. त्यांचा संसारही साधारण असाच चालला होता. तो बोलायचा, त्या वजा करायच्या.

पुढे नवऱ्याचे गुडघे कुरकुरू लागले आणि त्याच्या जागी त्याची धाकटी बहीण आली. पहिलंच काम होतं बालवाडीच्या खोलीचं. फरशी ठरली होती पानासारख्या हिरव्या रंगाची. तिचा कारखाना बंद पडला होता. सांगाल तेवढीच मिळेल, पुन्हा एकही नाही, असं दुकानदाराने बजावलं होतं.

"फरशी बरोबर बसली तर पुढची मोजमापं तुझी एकटीची," वहिनी म्हणाल्या.

"आणि नाही बसली तर?"

"तर घरी बसून भावाच्या गुडघ्यांना तेल लाव."

नणंदेने मला ताणलं, आकडे सांगितले. वहिनींनी लिहिले. फरशी आली. गवंड्याने खोलीत दोऱ्या धरल्या, कागद पाहिला, पुन्हा खोली पाहिली.

"वहिनी, कागदावर सात नव्वद बाय पाच नव्वद आहे. खोली आठ बाय सहा भरतेय. रात्रीत भिंती सरकल्या असतील."

वहिनींनी नणंदेकडे पाहिलं. "तू दहा वजा करून सांगत होतीस?"

"मग काय तसेच सांगू? कुत्र्याने खाल्लेले कशाला मोजू?"

"अगं, मीपण केले ना. तुझा भाऊ कच्चाच आकडा सांगतो."

"तो सगळंच कच्चं सांगतो. मला काय माहीत?"

वहिनींनी बोटांवर हिशेब केला. जवळजवळ दीड चौरस मीटर फरशी कमी होती. वर धरलेली पाच टक्के कापाकापीतच जाणार होती. दाराशी आठ-दहा मुलं येऊन हिरव्या थप्प्या बघत उभी राहिली. नणंद कोपऱ्यातल्या ओट्यावर जाऊन बसली. तिला तेलाची बाटली दिसू लागली असावी.

वहिनी तिच्याकडे बघतच राहिल्या.

"ऊठ."

"आता काय केलं मी?"

"काही नाही. तू बसलीयेस ते मोजायचंय."

ओट्यावर शिकवणाऱ्या बाईंची खुर्ची यायची होती आणि त्याला लाकडी फळ्या बसणार होत्या. फरशी त्याच्या खालीही नव्हती, वरही नव्हती. मग तो वजा कोणी केला होता? कोणीच नाही. दोघींनी भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजून ठेवलं होतं.

"दहा कोण वजा करणार?" नणंदेने विचारलं.

"तू. मी तोंड मिटून लिहिते."

दीड बाय एक भरलं. दोघी हसत सुटल्या. इतक्या, की गवंड्याने थापी खाली ठेवली. फरशी दारापर्यंत पोचली आणि एक शिल्लक राहिली. मुलं तिच्यावर आळीपाळीने उभी राहत होती.

"पुढचं मोजमाप तुझं," वहिनी म्हणाल्या. "ओटे बघत जा."

"आणि तू वजाबाकी कमी करत जा."

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. त्यांची खोड काय आहे ते नव्या माणसाला सांगा, आणि वजाबाकी कोणी करायची ते आधी ठरवा.

मी आता त्याच बालवाडीत असते. नणंदेने माझी कुरतडलेली कड दहाच्या खुणेवर सरळ कापली आणि मला जमिनीपासून उभी भिंतीवर लावली. माझ्यापाशी मुलांची उंची मोजतात. इथली मुलं फार भराभर वाढतात, असं पालक अभिमानाने सांगतात. परवा नणंदही उभी राहिली. एकशे अडुसष्ट. वहिनींनी तोंड उघडलं आणि मिटलं.

नणंदेची उंची एकशे अठ्ठावन्न आहे.