माझ्यावर लिहिलेली धामण

मी एक जुना फळा आहे. माझ्या अंगावर एकदा एक खोटे वाक्य लिहिले गेले. मित्रांनो, ते पुसून आता कित्येक वर्षे झाली, तरी सांगताना मला लाज वाटते.

माझा जन्म पेणचा. गणपतीच्या मूर्तींखाली ठेवायचे पाट करणाऱ्या एका सुताराने उरलेल्या फळ्या जोडून मला बनवले. माझी भावंडे देवाखाली गेली आणि मी खडूखाली आलो. पॅसेंजर गाडीने निडी स्टेशनला उतरून, पुढे अर्धा तास हमालाच्या डोक्यावरून प्रवास करून मी एका गावात पोहोचलो आणि वाचनालयाच्या ओट्यावर टांगला गेलो.

निवृत्त शिक्षक दिनानाथ गुरुजी रोज सकाळी माझ्यावर एक गंमत लिहीत. ‘फुलपाखरू पायांनी चव घेते.’ ‘गोगलगायीला हजारो दात असतात.’ गोगलगायीच्या दिवशी तर ओट्यावर हशा पिकला.

“हजारो? आणि माझे चारच उरलेत!” म्हातारा गुणाजी बोळके पसरून म्हणाला.

लोक मला मान देत. एखादी गोष्ट माझ्यावर आली की ती खरीच, असे गाव धरून चाले. मी त्या मानाने फुगलो होतो.

एका सकाळी गुरुजींना नवे काही आठवेना. त्यांनी लहानपणापासून ऐकलेले लिहून टाकले : ‘धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते.’

हौसाबाईंनी ते वाचले आणि त्या थबकल्या. त्यांच्या म्हशीचे दूध आठवडाभर कमी होत होते आणि वाचनालयासमोरच्या त्यांच्या गोठ्यामागे पेंढ्यात एक धामण राहत होती. त्यांनी शेजारच्या हैबतरावांना काठी घेऊन बोलावले.

आदिवासी वाडीवरची पारी हौसाबाईंच्या वालाच्या शेतात मजुरीला होती. ती धावत आली.

“मारू नको गो हौसाबाय! सापाला व्हट कुठं हायत चोखायला? दात तर आत वळलेले. म्हस लाथ नाय मारायची? धामण उंदरांमागं फिरते.”

“तू कुठं शिकलीस गो? फळ्यावर लिवलंय. जा, वाच!”

पारीला वाचता येत नव्हते. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांनी पाहिलेले खरे होते आणि माझ्यावर लिहिलेले खोटे. पण जिंकलो मी.

धामण मेली. तिचे पोट फुटले तेव्हा आत दूध नव्हते, दोन उंदीर होते. हैबतराव काठी टाकून घरी गेले. पुढे कळले की म्हैस गाभण होती, म्हणून आटत चालली होती. शिमग्यानंतर हौसाबाईंनी कणगी उघडली, तर साठवलेले वाल अर्धे कुरतडलेले आणि बाकी लेंड्या.

गुरुजी पेणला जाऊन सापांवरचे पुस्तक वाचून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यावर लिहिले : ‘धामण दूध पीत नाही. चूक माझी. पारीबाई बरोबर होत्या.’ आठ दिवस त्यांनी ते कोणालाही पुसू दिले नाही.

एका संध्याकाळी कामावरून परतताना पारी ओट्याशी थांबली.

“गुरुजी, माझं नाव कुठंशी हाय?”

गुरुजींनी दाखवले. तिने त्यावरून बोट फिरवले. बोटाला खडू लागला. तो तिने पदराला पुसला आणि ती म्हणाली, “चांगलं लिवलंत. पण धामण आता येल काय माघारी?”

 

त्यानंतर खडू उचलण्यापूर्वी गुरुजी ओट्यावरच्यांना विचारत, “हे कोणी पाहिलंय का?” कधी कोणी हात वर करी, कधी करत नसे, मग मी त्या दिवशी कोरा राहत असे. कोरे राहण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

आता गुरुजी नाहीत. मी भिंतीला टेकून पडलो आहे, माझा एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे. मित्रांनो, मला रंग नाही दिलात तरी चालेल. पण गमतीची गोष्ट दुसऱ्याला सांगण्याआधी जरा थांबा, आणि शेतात एखादी पारी काम करत असेल तर आधी तिला विचारा.