काजूच्या कारखान्याचं गाऱ्हाणं

गावच्या कट्ट्याजवळचा काजूचा कारखाना घेतला मुंबईच्या एका गुंतवणूक फंडाने, पण गावाला वाटलं तिथे नोकरीला असलेल्या आपल्या सर्वेशनेच घेतला. वाटणार नाही तर काय! म्हाताऱ्या मालकाला विकायला राजी करणारा तोच, आणि काजू सोलणाऱ्या बायकांना "कायएक काळजी करू नकात गो" असं छातीठोकपणे सांगणाराही तोच.

खरं काय ते त्याचा साहेब अनिश सकाळी गाडीत बोलत होता. "पुढची दहा वर्षं प्रायव्हेट इक्विटीचीच बघ. असे गावाकडचे धंदे घ्यायचे, फुगवायचे, पाच वर्षांत मोठ्या कंपनीला विकून मोकळं व्हायचं. मशीन आलं की सोलणाऱ्या निम्म्या बायका घरी." सर्वेश मान डोलावत होता. हा बेत त्यानेच तर आखला होता.

आता कारखान्याच्या दारात गाव जमलं होतं. गावचे मानकरी भाई नारळ घेऊन देवाला गाऱ्हाणं घालायला उभे राहिले, आणि सहज वळून म्हणाले, "काय रे झिला, कारखान्याक देवाकडे किती वर्सांचा आयुष्य मागू?"

'पाच' अगदी जिभेवर आलं. सर्वेशने शेजारच्या साहेबाकडे पाहिलं. "तुमका बरा दिसात तसा मागा."

"बा देवा म्हाराजा!" भाईंचा आवाज चढला. "ह्या तुझ्या लेकरान जो काय कारखानो घेतलेलो आसा, तो तेच्या नातवांच्या हातात जावंदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका ओरडल्या. सगळ्यांत पुढे शेवंतीकाकी. लहानपणी आई आजारी असली की ह्याला आपल्या ताटातलं भरवणारी. गेल्याच महिन्यात तिने सुनेलाही इथे कामाला लावलं होतं, ह्याच्याच भरवशावर. सर्वेशला तिच्याकडे बघवेना. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. अरे, अजून वेळ आहे, बोल की मेल्या! पण शेजारी साहेब उभा होता.

"आणि ह्या बायलमाणसांच्या पोटार जो कोण पाय देयत, तेका थयच्या थय अडव, तेचा वाटोळा कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लहानपणापासूनची सवय ती. गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडायचं. सर्वेशचा आवाज सगळ्या बायकांच्या वर गेला.

शेवंतीकाकीने कौतुकाने मागे वळून पाहिलं. पदराने डोळे टिपत ती म्हणाली, "बघलात मां भाई? पोराक आमची किती काळजी ती!"

सर्वेशने मान खाली घातली, ती नारळ फुटला तरी वर केली नाही.