तळहातावरचा गोटा

समुद्रात जाऊन मी माझं इष्टलिंग हरवलं आणि त्यानंतर अठरा दिवस रोज सकाळी आईला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो. उगाच मला भला माणूस समजून कुणी वाचायला नको.

मी सिद्धराम, गाव उदगीर. डॉक्टर व्हायला जॉर्जियातल्या बाटुमीत आलो. समुद्रकाठचं शहर, आणि पाऊस इतका की छत्री सुकत नाही. तिकडे उदगीरला आठवड्यातून एकदा टँकर, लातूरला तर रेल्वेनं पाणी आणायची पाळी. वडील, म्हणजे आप्पा, रोज तहसीलसमोर धरणं धरून. उदगीर जिल्हा झाला की पाणीही येईल, असं त्यांचं पक्कं मत. मी फोनवर इथल्या पावसाचा विषयच काढायचो नाही. लाज वाटायची.

त्या रविवारी श्रीमंत नावाचा माझा देगलूरचा रूममेट म्हणाला, "चल बे, गळ्यापर्यंत तर जाऊ." जन्मात एवढं पाणी अंगाला लागलं नव्हतं. हुरळून गेलो. लिंग अंगावरून उतरवायचं नसतं, म्हणून उतरवलं नाही. दोरा जुना झालाय, हे मात्र ध्यानात यायला हवं होतं. एक लाट आली, गेली, आणि छातीवर हात फिरवला तर दोराही नाही, लिंगाची चांदीची डबीही नाही.

आम्हा लिंगायतांत लहानपणी गळ्यात बांधलेलं लिंग माणसासोबतच मातीत जातं. मध्येच हरवलं तर स्वामी नवं बांधेपर्यंत अन्नपाणी बंद, असं आईनं शिकवलेलं. मी त्याच संध्याकाळी पोटभर जेवलो. भूक लागली होती, काय करणार?

पण सकाळी सातला आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे ती लिंग तळहातावर घेणार, इकडे मी, आणि पूजा दोघांनी मिळून करायची, हा मी आल्यापासूनचा शिरस्ता. बाटुमीच्या किनाऱ्यावर वाळू नाही, सगळे गोटेच. त्यातला एक काळा, गुळगुळीत गोटा मी उचलून आणला आणि तळहातावर ठेवून मोबाइलपासून जरा लांब बसलो. श्रीमंत पांघरुणात तोंड खुपसून हसत होता. चार दिवसांनी त्याचंही हसू थांबलं.

अठराव्या दिवशी ठरवलं, आज सांगायचंच. रडेल, शिव्या देईल, पण हे रोजचं नाटक आता गळ्याशी आलं होतं.

कॉल लागला. आईचा चेहरा पार ओढला होता.

"आई, एक सांगायचं होतं."

"थांब, आधी माझं ऐक. टँकरच्या पाण्याला लई घाण वास मारून राहिलाय. वापरायला चालतंय, पर लिंगावर कसं घालू? जारवालाबी येईना."

"शेजारच्या नीलम्माकडून तांब्याभर आण की."

"तिच्याकडं तरी कुठलं? एकच टँकर सगळ्यांना."

"मग पूजा कशी करतीस? जेवतीस तरी काय?"

"पूजेबिगर कशी जेवू? दोन दिस झालं, तुझ्यासमोर नुसतंच लिंग हातावर धरते, पोटात काई न्हाई."

गोटा मुठीत झाकून मी मोबाइलजवळ सरकलो.

"आज मनात आलं," ती म्हणाली, "तुझ्याकडं तर लई पाणी हाय. तू तुझ्या लिंगावर घाल, मी हितनं हात जोडते. देव काय दोन हाईत का? तुझ्या लिंगाला पोचलं की माझ्या लिंगाला पोचलं. मग खाते भाकरी. तू काय सांगून राहिला होता?"

"काही नाही. परीक्षा जवळ आलीय."

मी तांब्या भरून आणला. गोट्यावर धार धरली. आई हात जोडून पडद्यावर एवढी वाकली की नुसतं कपाळ दिसायला लागलं.

"अजून घाल," ती म्हणाली. "कंजुषी करू नको."

सगळा तांब्या रिकामा केला. पाणी कोपरावरून चटईवर गेलं. तिनं डोळ्यांना बोटं लावली, ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि कोरडाच तोंडात टाकला. ती भराभरा चावत होती. मला रडू आवरेना.

"रडतो कशाला, वेड्या? देवानं सोय केली न्हवं?" ती घास गिळत म्हणाली. "आता पाऊस पडस्तोवर असंच करू. उद्या सातलाच. चुकवू नको."

बाहेर बाटुमीत पाऊस चालूच होता. मी गोटा कोरडा पुसला आणि उशाखाली ठेवला. आता तो हरवून चालणार नव्हतं.