पाचव्या चाकाचं लिंबू

मित्रांनो, गाडीला चाकं किती, असं विचारलं की तुम्ही बिनधास्त 'चार' म्हणता. मग मी कोण? मी बोरिवलीतल्या एका जुन्या लाल गाडीची स्टेपनी. डिकीतल्या चटईखाली पाठीवर पडून असलेली. माझं बोलणं तुम्हाला जरा फुगवलेलं वाटेल. वाटू द्या. जी हवेवर जगते, ती फुगणार नाही तर काय!

आम्ही पाच भावंडं एकाच साच्यातून बाहेर पडलो. नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात, बाळाच्या जावळासारखे. चौघांना रस्ता मिळाला, मला डिकी मिळाली. त्यांचं जावळ दहिसरच्या खड्ड्यांनी पहिल्याच आठवड्यात उतरवलं. पुढे ती झिजली, त्यांच्या जागी दुसरी आली, तिसरी आली. माझं जावळ मात्र जसंच्या तसं.

दरवर्षी दसऱ्याला गाडीचे मालक जयवंतराव तिला आंघोळ घालायचे, झेंडूची माळ चढवायचे, चार चाकांखाली चार लिंबं ठेवायचे आणि गावाकडच्या रीतीने गाऱ्हाणं घालायचे, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडीक नि हिच्या चारय चाकांक सांभाळून घे रे म्हाराजा!" बायको विमलाताई आणि मुलगी श्रुतिका मागून ओरडायच्या, "होय म्हाराजा!" आत अंधारात मी म्हणायचे, "अहो, मी पण आहे!" पण डिकीतून देवापर्यंत आवाज जातो थोडाच!

पंपावरचा माणूस चारही चाकांत हवा भरून विचारायचा, "स्टेपनी?"

"राहू दे रे. ती कुठे पळतेय!" इति जयवंतराव.

मग एका उन्हाळ्यात श्रुतिकाने जाहीर केलं, "मी एकटी गावाला जाणार. हायवेने नाही, समुद्राच्या कडेकडेने. आत्याचा फणसाच्या लाकडाचा पाटही देऊन येते." सुहासिनीआत्याने तो पाट एका लग्नासाठी दिला होता आणि फोनवर रोज त्याचीच चौकशी करायची.

जयवंतराव म्हणाले, "जा. पण वाटेत एकदा जरी 'बाबा, या' म्हणालीस, तर किल्ली माझ्या खिशात. परत एकटीने जायचं नाव नाही. आणि पुळणीवर गाडी घालायची नाही. वाळू माणूस बघत नाही."

"डन!" श्रुतिका म्हणाली. चार लिंबं चिरडून गाडी निघाली.

काय तो रस्ता, म्हणे! मांडव्याचं पाणी, मुरूडचे माड, खाडीवरच्या फेरीबोटी. 'म्हणे' अशासाठी, की हे सगळं ती चौघं मला ओरडून सांगत होती. मला दिसत होतं ते चिवड्याच्या डब्याचं बूड.

दुसऱ्या दिवशी दुपारी, देवगडच्या अलीकडे, एक किनारा लागला. ओहोटी होती. वाळू सिमेंटसारखी घट्ट. मागे समुद्र, पुढे लाल गाडी, असा एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा मोह पोरीला आवरला नाही. ती गाडी थेट पाण्याजवळ घेऊन गेली. फोटो झकास आला. आणि वळताना पुढच्या डाव्या चाकात फुटका शिंपला घुसला. फुस्स! तिने गाडी तशीच रेटली, तर चाक आणखी रुतलं.

तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, गोळा करणारी एक म्हातारी खडकावरून ओरडली, "गो बाय, भरती इली! गाडी काड भायर! बापाशीक बोलव!"

"बापाशीकच बोलवायचं नाहीये, आजी!"

"मगे मर थंयच!"

डिकी उघडली. कधी नव्हे तो माझ्यावर उजेड पडला. पण मित्रांनो, मी घाबरले होते. माझ्यात हवा होती कुठे? होती ती निम्मी, तीही बोरिवलीची, इतकी वर्षं मी योग्यासारखी श्वास कोंडून जपलेली. शिवाय मला धरून ठेवणारा बोल्ट गंजला होता. तिने त्यावर डोक्याला लावायचं तेल ओतलं, पिळला, हात सोलून घेतला. तेवढ्यात फोन वाजला.

"काय गं, कुठे आहेस?"

"चहा पितेय, बाबा."

"कसला आवाज येतोय?"

"समुद्राचा. समुद्रावर समुद्राचाच आवाज येणार ना!"

जयवंतराव म्हणाले, "बरं. पी चहा. काही हवंय?"

एक लाट मागच्या चाकांना शिवून गेली. श्रुतिकाने ओठ चावला. "नको," म्हणाली, आणि फोन ठेवला.

बोल्ट सुटला. पान्यावर चक्क उभी राहून तिने चाकाचे नट ढिले केले. जॅक लावला, तर तो वाळूत गपकन खाली. गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच बुडत होता. पाणी तिच्या टाचांशी आलं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मागच्या सीटवरून आत्याचा पाट ओढला. "सॉरी, आत्या!" पाटावर जॅक, जॅकवर गाडी. गाडी उचलली गेली. पंक्चर चाक निघालं, मी चढले.

मला दाबून पाहताच तिचा चेहरा उतरला. "हवाच नाही हिच्यात. वाट लागली!"

तिने गाडी सुरू केली. पाणी माझ्या नटांपर्यंत आलेलं. पण ऐका गंमत! मी टम्म फुगलेली असते, तर सुरीसारखी वाळूत घुसले असते. निम्म्या हवेची मी पोट पसरून बसले, वाळू कवटाळली आणि अख्खी गाडी एकटीने ओढून वर आणली. बाकीची तिघं काय सांगायचं ते सांगोत.

"चेडू खमक्या आसा हां!" म्हातारी म्हणाली. चेडू म्हणजे पोरगी; पण हे माझ्याबद्दल होतं, असं मी धरून चालले.

डांबरावर मात्र माझी हीच मऊ चाल जिवावर बेतली असती. मी डुलत होते, तापत होते, प्रत्येक वळणाला वाटायचं, आता फाटले. श्रुतिका बैलगाडीच्या वेगाने जवळच्या गावात पोहोचली. पंक्चर काढलं, ते चाक परत लावलं आणि माझ्यात काठोकाठ हवा भरून मला जागेवर झोपवलं. आत्याने पाटाचे ओरखडे पाहिले, पोरीचे सोललेले हात पाहिले आणि आधी हातांना हळद लावली.

दसरा आला. जयवंतराव फडकं शोधायला डिकीत वाकले आणि त्यांनी चटई उचलली. माझ्या भोवती वाळू होती. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. जावळ नव्हतं.

"श्रुतिका," त्यांनी हाक मारली, "त्या किनाऱ्यावरचा चहा खारट होता काय गं?"

तिने मान खाली घातली. "थोडासा."

"पुळणीवर घातलीस ती घातलीसच. पण बोलावलं नाहीस." त्यांनी खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. मग घराकडे तोंड करून ओरडले, "विमला, आणखी एक लिंबू दे!"

ते लिंबू माझ्या कुशीत आलं आणि गाऱ्हाण्यात 'पाचय चाकांक' असं आलं. मी स्वतः ऐकलं.

मित्रांनो, निम्म्या हवेने पोरगी वाचली, असं म्हणून आळस करू नका. दर वेळी वाळू नसते आणि दर डिकीत माझ्यासारखी हुशार स्टेपनी नसते. जे कोपऱ्यात गप्प पडलेलं असतं, त्याचीही अधूनमधून विचारपूस करा. माझ्या पोटात आता कोकणची हवा आहे. कमी वाटली तर वरून भरा. पण आहे ती सोडू नका.